बारा सीट, दहा एअरपॅक: एका अनुदान अर्जाच्या नोंदी

मी नोकरी रॉचेस्टरमध्ये करतो, पण राहतो तिथून पाऊण तास दक्षिणेला, न्यूयॉर्क राज्यातल्या एका अडीच हजार वस्तीच्या टाउनमध्ये. गायी, मका, सफरचंदं आणि मधून मधून घरं. इथली आग विझवते ती ‘फायर कंपनी’. कंपनी म्हणजे धंदा नव्हे, गावकऱ्यांची नोंदणीकृत संस्था. शब्द जुना आहे आणि तोच चालतो. २३ सक्रिय सभासद, पगार एकालाही नाही. मी आगीत शिरत नाही. पंपावर उभा राहतो आणि कागद करतो. या नोंदी कागदाच्या आहेत.

१५ जानेवारी २०२४, सोमवार

सोमवार म्हणजे सरावाची रात्र. बाहेर बर्फ, म्हणून सराव कमी आणि कॉफी जास्त. चीफने विषय काढला: यंदा एएफजीला काय मागायचं?

एएफजी म्हणजे अग्निशमन दलांसाठीचं अमेरिकेच्या केंद्र सरकारचं अनुदान. २००१ पासून चालू आहे, फेमा या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडून येतं. या फेरीत ३२.४ कोटी डॉलर वाटायचे आहेत. कायद्यानेच त्याच्या वाटण्या ठरवून दिल्यात: पगारी दलं, स्वयंसेवी दलं आणि दोन्हींची मिसळ असलेली दलं, प्रत्येक गटाला किमान २५ टक्के. म्हणजे मोठ्या शहरांशी आमची थेट झुंज नाही. आमची झुंज आमच्यासारख्यांशीच, आणि आमच्यासारखे देशभर हजारोंनी आहेत.

मागच्या वर्षी आम्ही पाण्याचा नवा टँकर मागितला होता. नकार आला. चीफला यंदाही टँकरच हवा आहे. त्याचा मुद्दा खोटा नाही. आमच्या हद्दीत हायड्रंट, म्हणजे आगीसाठीचे रस्त्याकडेचे नळ, फक्त गावठाणात. बाकी सगळीकडे पाणी न्यायचं, ताडपत्रीच्या हौदात ओतायचं आणि तिथून पंपाने उचलायचं. पण वाहनाची किंमत चार लाखांच्या वर गेली आहे आणि वाहनं मागणाऱ्यांची रांग सगळ्यात लांब. मी म्हटलं, एअरपॅक मागू.

चीफ साठीचा, आयुष्यभर गोठा सांभाळलेला माणूस. म्हणाला, “पॅक तर आहेत की.”

“मोजूया का?”

“मोज.”

१८ जानेवारी

मोजले. स्टेशनमध्ये हीटर फक्त पाइप गोठू नयेत इतपतच चालवतात, त्यामुळे हातमोजे घालून लिहिलं. अक्षर बघण्यासारखं आहे.

एअरपॅक म्हणजे पाठीवरची हवेची बाटली, पट्टे, रेग्युलेटर आणि तोंडावरचा मास्क. धुरात शिरणाऱ्याचा जीव त्यावर. आमच्याकडे भिंतीवर १४ टांगलेत. त्यातले १२ सन २००९ मध्ये एका उपनगरी दलाकडून जुने म्हणून घेतलेले. मागच्या पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलंय: एनएफपीए १९८१, २००२ ची आवृत्ती. एनएफपीए ही अग्निसुरक्षेची मानकं ठरवणारी संस्था; १९८१ हे साल नव्हे, एअरपॅकच्या मानकाचा क्रमांक. त्या मानकाच्या त्यानंतर २००७, २०१३ आणि २०१८ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. उरलेले दोन नवे, २०१३ च्या आवृत्तीचे. एका जुन्या सभासदाच्या घरच्यांनी त्याच्या स्मरणार्थ दिलेल्या पैशातून २०१६ साली घेतलेले.

फरक नुसता वर्षाचा नाही. जुन्या पॅकमध्ये हवा पाव उरली की घंटा वाजते. २०१३ पासूनच्या पॅकमध्ये एक तृतीयांश उरली की वाजते. एवढ्या फरकात माणूस जिना उतरून येतो. शिवाय बाटल्या. फायबर गुंडाळलेल्या बाटलीचं आयुष्य १५ वर्षं, त्यात दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी. आमच्या तसल्या सगळ्या कधीच बाद झाल्या. उरल्या त्या स्टीलच्या. पोरं त्यांना नांगर म्हणतात.

१२ जुन्यांपैकी चालू किती? आठ. एकाचा मास्क दुसऱ्याला लावून.

आता महत्त्वाचं. एएफजी पॅक देतं ते माणसं मोजून नाही, गाडीतल्या सीट मोजून. बंबात सहा, रेस्क्यू गाडीत चार, टँकरमध्ये दोन: बारा. त्यातले दोन चांगले आहेत, म्हणजे मागायचे दहा. चीफला कागद दाखवला. त्याने चष्मा वर करून दोनदा वाचला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “टँकर पुढच्या वर्षी.”

२२ जानेवारी

खजिनदार बाईंकडे बसलो. त्या निवृत्त आहेत; तीस वर्षं शाळेची बस चालवली. हिशोब वहीत, पेन्सिलने.

टाउनशी आमचा करार आहे: वर्षाला ६८,००० डॉलर, त्याबदल्यात आम्ही आग विझवायची. त्यातून बंबाच्या कर्जाचा हप्ता २१,४०० जातो, विमा १४,०००, तेल आणि हीटर ९,५००. होज, पंप, शिडी यांच्या सक्तीच्या चाचण्या, दुरुस्ती, पेजर, प्रशिक्षण. वर्ष बरं गेलं तर सहा हजार शिल्लक. एका एअरपॅकचं कोटेशन आलंय ८,७५० चं, दोन बाटल्या आणि मास्कसकट.

वर ‘दोन टक्क्यांचे पैसे’ आहेत. राज्याबाहेरच्या विमा कंपन्या इथे आगीचा विमा विकतात, त्या हप्त्यांवर दोन टक्के कर बसतो आणि तो फायर कंपन्यांना वाटला जातो. ऐकायला झकास. पण तो सभासदांच्या सोयीसाठीच खर्चायचा, उपकरणांना लावता येत नाही. म्हणून आमच्याकडे कॉफीचं यंत्र उत्तम आहे आणि पॅक २००२ चे.

बाकी सगळं चिकन बार्बेक्यूवर. या भागात फायर कंपनी आणि चिकन बार्बेक्यू हे समीकरण कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रा. रॉबर्ट बेकर यांनी १९५० च्या सुमारास घालून दिलं. कोंबडीपालक शेतकऱ्यांचा माल खपावा म्हणून त्यांनी व्हिनेगर, तेल आणि अंड्याचं एक वाटण काढलं. तेच आजही निखाऱ्यावर शेकडो अर्ध्या कोंबड्यांवर शिंपडतात. आमच्याकडच्या गणपतीच्या वर्गणीसारखंच, फक्त इथे पावतीऐवजी ताट देतात. निव्वळ शिल्लक एका बार्बेक्यूला तीन-साडेतीन हजार.

अनुदानाचा हिशोब: दहा पॅक, ८७,५०० डॉलर. वस्ती २०,००० च्या आत असेल तर आपला वाटा पाच टक्के. पण हे पाच टक्के एकूण किमतीचे नाहीत, सरकार देईल त्या रकमेचे. म्हणजे ८७,५०० भागिले १.०५. सरकार ८३,३३३, आम्ही ४,१६७. बाईंनी पेन्सिल थांबवून विचारलं, “इतकंच?” म्हटलं, इतकंच. मिळालं तर.

२९ जानेवारी

पोर्टल सकाळी उघडलं. मुदत ८ मार्च, संध्याकाळी पाच.

पहिल्याच पायरीवर अडलो. अर्जाआधी ‘सॅम’ची नोंदणी लागते. केंद्र सरकारकडून पैसे घेणाऱ्या प्रत्येकाची ती खातेवही. दर वर्षी नूतनीकरण, फुकट. आमची डिसेंबरात संपली. आठवणीचा ई-मेल ज्या पत्त्यावर गेला तो पत्ता तीन वर्षांपूर्वी कंपनी सोडून फ्लोरिडाला गेलेल्या सचिवाचा.

नूतनीकरण करायला गेलो तर नाव जुळेना. राज्याच्या दप्तरी आमचं नाव ‘व्हॉलंटियर फायर कंपनी, इन्क.’, सॅममध्ये ‘व्हॉल. फायर को.’. टिंब आणि अर्ध्या शब्दांपायी यंत्राला आम्ही दोन वेगळ्या संस्था वाटतो. पुरावा मागितलाय. संस्थेची मूळ नोंदणी १९२८ ची. टाईप केलेला कागद चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावलाय. काच काढून स्कॅन केला.

सॅममध्ये नाव झळकल्याबरोबर ‘तुमची नोंदणी संपतेय, ५९९ डॉलर भरा’ असे खासगी ई-मेल सुरू झाले. मजकूर सरकारी वाटावा असाच. बाईंना निरोप दिला: कुठलाही चेक मला विचारल्याशिवाय फाडू नका.

६ फेब्रुवारी

काल ओशाने नव्या नियमाचा मसुदा राजपत्रात छापला. कामगार सुरक्षेचं हे केंद्रीय खातं. १९८० चा ‘फायर ब्रिगेड’ नियम काढून त्या जागी आपत्कालीन सेवांसाठी भलामोठा नवा नियम आणायचा बेत आहे. वैद्यकीय तपासण्या, लेखी योजना, उपकरणांची मुदत. न्यूयॉर्कमध्ये स्वयंसेवकांनाही तो लागू होईल अशी चिन्हं आहेत. आजूबाजूच्या कंपन्यांमध्ये घबराट. एकाने विचारलं, हे सगळं करायचं तर पैसे कोण देणार? नियमातली बरीच कलमं शहाणपणाची आहेत. प्रश्नही शहाणपणाचा आहे.

११ फेब्रुवारी

अर्ज लिहून देणाऱ्या एका व्यावसायिकाचा फोन. “आधी काही देऊ नका, मंजूर झालं की आठ टक्के.” असा यशावर ठरलेला मोबदला केंद्राच्या अनुदानात चालत नाही. फोन ठेवला. पण नंतर विचार करत बसलो. शहराच्या दलात अनुदानाचं काम करायला पगारी माणूस असतो. मधल्या कंपन्या असा कोणी गाठतात. आमच्यासारख्यांकडे रात्री दहानंतर लॅपटॉप उघडणारा एखादा असतो किंवा नसतो. शेजारच्या टाउनची कंपनी आमच्याहून गरीब आहे आणि त्यांनी आजवर एकदाही अर्ज केलेला नाही. कोणाला जमत नाही, एवढंच कारण.

१९ फेब्रुवारी

निवेदन लिहायला घेतलं. गुणपद्धत अशी: आधी संगणक अर्जातल्या आकड्यांना गुण देतो, सरकारच्या प्राधान्यक्रमाशी ताडून. त्यात वर आलेले अर्ज परीक्षकांकडे जातात आणि ते निवेदन वाचून गुण देतात. दोन्हींचं वजन निम्मं निम्मं. परीक्षक सरकारी बाबू नसतात. आपल्यासारखेच आग विझवणारे, देशभरातून आलेले. दिवसाला ढीगभर अर्ज वाचतात.

माझा पहिला मसुदा वाचून मलाच लाज वाटली. ‘शूर स्वयंसेवक’, ‘तुटपुंजी साधनं’, ‘समाजाचं ऋण’. १५ ऑगस्टचं भाषण. चीफला वाचून दाखवला तेव्हा तो बुटांकडे बघत होता. संपल्यावर म्हणाला, “हे कुठल्याही गावाबद्दल आहे.”

मग त्यानेच आठवण करून दिली. गेल्या नोव्हेंबरमधली फार्महाउसची आग. चिमणीत लागली, भिंतीतून माळ्यावर चढली. आमची दोघं आत गेली. तीस मिनिटांची बाटली म्हणतात ती राबणाऱ्या माणसाला पंधरा-वीस मिनिटं पुरते. ती संपवून दोघं बाहेर आली. तोवर दुसऱ्या एका शेजारी कंपनीची हवेची गाडी आली होती, भरलेल्या बाटल्यांनी खच्चून. त्यातली एकही आमच्या पॅकला बसत नव्हती. आमच्या बाटल्या २,२१६ पौंड दाबाच्या, त्यांच्या ४,५०० च्या. आटे मुद्दामच वेगळे ठेवलेले असतात, जास्त दाबाची बाटली चुकूनही कमी दाबाच्या पॅकला लागू नये म्हणून. तेव्हा आमच्या बाटल्या पिकअपमध्ये टाकून नऊ मैलांवरच्या आमच्या स्टेशनात भरायला नेल्या. दोघं प्रशिक्षित माणसं बंबाच्या मागच्या पायरीवर बसून घर जळताना बघत होती.

किती वेळ? काउंटीच्या डिस्पॅचकडून, म्हणजे कॉल घेऊन गाड्या पाठवणाऱ्या कक्षाकडून, रेडिओची नोंद मागवली. पिकअप निघाल्याची हाक आणि परत आल्याची हाक. २६ मिनिटं.

घरातल्यांना काही झालं नाही. वरचा मजला गेला.

सगळं शूरत्व खोडलं. पहिलं वाक्य आता असं आहे: ‘आमच्या दोन जवानांकडे २६ मिनिटं हवा नव्हती, आणि चाळीस फुटांवर हवेने भरलेली गाडी उभी होती.’

२८ फेब्रुवारी

टेक्सासच्या उत्तर टोकाच्या पॅनहँडल भागात परवा लागलेली स्मोकहाउस क्रीकची आग बातम्यांत आहे. वाऱ्याने गवत पेटवत सुटली आहे. तिथे पहिल्या फळीला कोण? गावोगावच्या स्वयंसेवी कंपन्या, जुन्या गाड्या, रँचवाल्यांची ट्रॅक्टरं.

एनएफपीएच्या आकड्यांत १९८४ साली देशात ८ लाख ९७ हजार स्वयंसेवी जवान होते. २०२० मध्ये ६ लाख ७७ हजार. एकूण जवानांत अजूनही ६५ टक्के तेच. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ मध्ये फिलाडेल्फियात शेजाऱ्यांना गोळा करून युनियन फायर कंपनी काढली, तेव्हा प्रत्येकाने स्वतःच्या चामडी बादल्या आणायच्या असा नियम होता. बादलीच्या जागी आता ८,७५० डॉलरचा पॅक आला आहे.

४ मार्च

सॅम सुटलं! पस्तीस दिवस. बारा अक्षरी ओळख क्रमांक जुनाच राहिला, फक्त नाव पूर्ण झालं.

६ मार्च

टेक्सासची आग दहा लाख एकरांच्या पुढे गेली, त्या राज्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी. काल फ्रिच गावचा फायर चीफ एका घराची आग विझवताना कोसळून गेला. त्याआधीचे कित्येक दिवस तो या वणव्याशी झुंजत होता. सरावाच्या खोलीत कोणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला.

८ मार्च, शुक्रवार

शेवटचा दिवस आणि महाशिवरात्र. उपवास होता, ते बरंच. जेवायला वेळ नव्हता.

अर्ज मी लिहिला असला तरी तो पाठवायचा अधिकार चीफचा. पोर्टलवर अधिकृत प्रतिनिधी तो आहे आणि त्याचा पासवर्ड गोठ्यातल्या वहीत. दीड वाजता गेलो. गाय व्यायली होती, चीफ कोपरापर्यंत कामात. “पाच मिनिटं” म्हणाला, पंचेचाळीस लागली. हात धुऊन आला, चष्मा लावला, दुधाच्या टाकीशेजारी खुर्चीवर बसून एक-एक पान वाचू लागला. मला वाटलं नुसतं बटण दाबेल. सगळं वाचलं. बजेट, सीट, २६ मिनिटं. तीन वाजून दहा मिनिटांनी पाठवलं.

साबुदाण्याची खिचडी घरी येऊन खाल्ली. वासरू दांडगं आहे.

१८ मार्च

१६ तारखेपासून राज्यात पालापाचोळा जाळायला बंदी, १४ मेपर्यंत. दर वसंतात असते. बर्फ वितळलेला, गवत वाळकं, झाडांना अजून पानं नाहीत. तरी कालपासून दोन ठिकाणी जाऊन आलो. दोन्हीकडे “थोडंसंच पेटवलं होतं.”

दुसरा छोटा अर्ज केला: व्हीएफए. पैसा केंद्राच्या वनखात्याचा, वाटप राज्याच्या पर्यावरण खात्याकडून, दहा हजारांच्या आतल्या वस्तीसाठी. निम्मे ते, निम्मे आपण. वणव्याचे हलके कपडे, फावडी आणि पाठीवरचे पाण्याचे पंप मागितले. एएफजीपुढे हा अर्ज म्हणजे पोस्टकार्ड, अर्ध्या तासात झाला.

९ एप्रिल, पाडवा

काल खग्रास सूर्यग्रहण. पट्टा अगदी आमच्या डोक्यावरून. दोन महिने काउंटीच्या बैठका चालल्या होत्या: लाखभर माणसं येतील, रस्ते तुंबतील, मोबाइल बंद पडतील. आम्ही बंब चौकात आणून ठेवला, टँकर डोंगराच्या पलीकडे, म्हणजे रस्ता तुंबला तरी दोन्ही बाजूंना गाडी. आणि आले ढग. तीन वाजून वीस मिनिटांनी दिवसाढवळ्या काळोख झाला, कोंबडे गप्प झाले, सूर्य काही दिसला नाही. एक कॉलही आला नाही. चीफ म्हणाला, आजवरची सगळ्यात चांगली बंदोबस्ताची ड्युटी.

आज घरी गुढी. काठीला स्टेशनातला जुना आकडीचा बांबू वापरला. चीफची परवानगी घेऊन.

१४ एप्रिल

भारतात आज अग्निशमन सेवा दिन. १९४४ मध्ये याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. एकाच जहाजावर कापसाच्या गाठी आणि दारूगोळा. ६६ जवान गेले. सकाळी पॅनकेकच्या नाश्त्याला (हाही निधी उभारण्याचाच एक प्रकार) हे सांगितलं. टेबलावरच्या सगळ्यांनी खाणं थांबवून ऐकलं.

मग कोणी विचारलं, तुझ्या गावात फायर कंपनी होती का? आमचं गाव कराडजवळ. बंब तालुक्याला, नगरपालिकेचा. काकांचा ऊस तारांच्या ठिणगीने पेटला तेव्हा आला तो साखर कारखान्याचा बंब, कारण ऊस शेवटी कारखान्याचाच. तोवर लोक ओल्या पोत्यांनी झोडपत होते, आणि पुढच्या फडात कोयते घालून आगीची वाट तोडत होते. स्वयंसेवक सगळं गाव होतं. नव्हती ती संस्था, बँकेतलं खातं आणि अर्ज करायला कोणी. हे मी टेबलावर म्हटलं नाही, इथे लिहितो आहे.

२२ जून

बार्बेक्यू. ४०० अर्ध्या कोंबड्या, १४ डॉलर ताट, दोनच्या आत खलास. मी वाटण शिंपडण्याच्या ड्युटीवर. खर्च वजा जाता ३,३१०. बाईंनी ते वेगळ्या पाकिटात ठेवून वर पेन्सिलने लिहिलं: ‘पाच टक्के’.

व्हीएफए मंजूर झालं. फावडी येणार.

२३ सप्टेंबर

या फेरीची मंजुरी ३० सप्टेंबरपर्यंत देऊन संपवायची असते. उन्हाळाभर दर आठवड्याला यादी वाढत होती आणि मी दर शुक्रवारी बघत होतो.

आज ई-मेल आला. मागणी उपलब्ध निधीपेक्षा फार जास्त, आपला अर्ज निवडता आला नाही, पुढच्या फेरीत जरूर यावं. आमचं नाव सोडलं तर बाकीची ओळ नि ओळ मागच्या वर्षीची.

संध्याकाळी सराव होता. सांगितलं. एकोणीस वर्षांचा पोरगा, नोव्हेंबरात आत गेलेल्या दोघांपैकी एक, त्याने काही न बोलता भिंतीवरचा स्टीलचा पॅक काढला आणि पट्टे तपासायला बसला.

११ नोव्हेंबर

दीड महिना धड पाऊस नाही. न्यू जर्सीच्या हद्दीवर ८ तारखेपासून जेनिंग्ज क्रीकचा वणवा पेटलाय. परवा राज्य उद्यानांचा अठरा वर्षांचा कर्मचारी झाड अंगावर पडून गेला. आमच्याकडेही पाचोळा कुरकुरीत. व्हीएफएची फावडी या आठवड्यात दोनदा बाहेर काढली.

उद्या एएफजीची पुढची फेरी उघडते. मुदत २० डिसेंबर.

१४ नोव्हेंबर, रात्री

जुना अर्ज उघडून वाचत बसलो होतो. निवेदन अजूनही चांगलं वाटतं. मग आकड्यांच्या पानावर आलो.

‘बदलायचे पॅक कोणत्या आवृत्तीचे?’ आमचं उत्तर: २०१३.

दोनदा वाचलं. जानेवारीची माझी कच्ची यादी काढली. त्यात सगळ्यात वर स्मरणार्थ घेतलेले दोन नवे पॅक, खाली जुने बारा. मी पहिल्या ओळीवरून उत्तर भरलं. यादीतून निवडायचं होतं, माउस फिरवला, २०१३ वर टेकला, पुढे गेलो.

परीक्षकांपर्यंत अर्ज पोचायच्या आधी संगणक गुण देतो. जुनाट पॅक बदलणाऱ्याला प्राधान्य, जुनाट म्हणजे निदान दोन आवृत्त्या मागचे. संगणकाने पाहिलं ते इतकंच की यांचे पॅक एकच आवृत्ती मागचे आहेत. २६ मिनिटांचं ते वाक्य बहुधा कोणी वाचलंच नाही.

नक्की यामुळेच नकार आला असं छातीठोक सांगता येत नाही. गुणपत्रिका देत नाहीत. पण चूक माझी, आणि चीफने दुधाच्या टाकीजवळ बसून वाचताना ती त्याच्याही नजरेतून सुटली, कारण त्याला आवृत्त्या मीच शिकवल्या होत्या. बायकोने दिवा बघून विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, आकडा चुकला. अभियंत्याने हे वाक्य रात्री एक वाजता म्हणू नये.

१८ नोव्हेंबर

सराव संपल्यावर सगळ्यांसमोरच सांगितलं. चीफला एकट्याला सांगणं सोपं होतं, पण पॅक त्याच्या एकट्याच्या पाठीवर नसतो.

कोणी काही बोलेना. मग चीफ म्हणाला, “म्हणजे आपण मार खाल्ला तो पेन्सिलीचा. मी म्हटलं, आपली आगच कमी पडली.” दोघं-तिघं हसले. पोरगा हसला नाही. त्याने विचारलं, “यादी आहे का तुझ्याकडे?” दिली. तो भिंतीशी गेला, एक-एक पॅक उलटा करून पट्टीवरचं साल मोठ्याने वाचू लागला आणि बाईंनी वहीत उतरवून घेतलं. बारा वेळा २००२. दोनदा २०१३. मी फक्त ऐकत होतो.

जाताना बाईंनी एक सुचवलं: ज्यांनी कधीच अर्ज केला नाही त्या शेजारच्या कंपनीला विचारा. त्यांच्याकडेही स्टीलच्याच बाटल्या आहेत.

२५ नोव्हेंबर

शेजाऱ्यांकडे जाऊन आलो. चौदा माणसं, एक बंब, सॅममध्ये नाव नाही. दोघांनी मिळून प्रादेशिक अर्ज करता येतो. पण आमच्या कागदांत त्यांचे कागद मिसळून २० डिसेंबर गाठायचं, यात दोघंही बुडायची भीती. तेव्हा यंदा अर्ज आमचा एकट्याचा. त्यांची सॅमची नोंदणी मात्र आजच सुरू करून दिली, त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून. नाव राज्याच्या दप्तरात आहे तसंच, टिंबासकट.

९ डिसेंबर

पाठवला. अकरा दिवस आधी. कोटेशन वाढून ९,२०० झालंय: दहा पॅक ९२,०००, सरकार ८७,६१९, आम्ही ४,३८१. आवृत्तीच्या रकान्यावर चीफने स्वतः बोट ठेवलं, मी निवडलं, पोरग्याने मागून वाचून दाखवलं.

बाईंनी पाकीट उघडून मोजलं. १,०७१ कमी पडतात. मेमध्ये आणखी एक बार्बेक्यू लावायचा का, म्हणाल्या. मी म्हटलं, लावा. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात मेपर्यंत पानं उलटली, तारीख धरली, मग मागे येऊन फेब्रुवारीच्या पानावर लाल पेनाने लिहिलं: ‘सॅम’.